हॉल भरला आहे

शोकसभेत दोन मिनिटं स्तब्ध उभं राहतात, तेव्हा खरोखर किती वेळ उभं राहतात हे अख्ख्या मुंबईत एकाच माणसाला ठाऊक होतं. त्याचा हिशेब चाळीस सेकंदांचा होता. पुढारी गेलेला असला तर पन्नास, शाळामास्तर गेलेला असला तर पस्तीस.

त्यांना आम्ही अप्पा म्हणत असू. गिरगावातल्या एका वाचनालयात वर पुस्तकं होती आणि खाली हॉल. वर मी ग्रंथपाल, खाली अप्पा व्यवस्थापक. व्यवस्थापक हा शब्द कार्यकारी मंडळाने दिलेला. काम म्हणाल तर दार उघडायचं, एकशे वीस खुर्च्या मांडायच्या, समई लावायची, तसबिरीची लाकडी घोडी पुसून ठेवायची, आणि मंडळी गेली की खुर्च्या दुमडून भिंतीला टेकवून ठेवायच्या. गडी होता, पण त्याला ते खुर्चीला हात लावू देत नसत. "तो ओढतो," म्हणत. "खुर्ची उचलायची असते."

स्तब्धतेच्या वेळी अप्पा कोपऱ्यातल्या बटणापाशी उभे राहत आणि पंखे बंद करीत. पंखा फिरत असताना पाळलेली शांतता त्यांच्या मते शांततेत जमा नव्हती. मग कोटाच्या खिशातून घड्याळ काढून हातात धरत. अध्यक्ष चाळिसाव्या सेकंदाला खुर्चीचा हात चाचपू लागले की कोपऱ्यातून आवाज येई, "ऐंशी सेकंद राहिलेत." एकदा एक बडे वकील निम्मे बसले होते, ते तसेच पुन्हा उभे राहिले. कोर्टात त्यांना तसं कुणी उठवलं नसेल.

रोज हॉल बंद करताना अप्पा एका जाड नोंदवहीत लिहीत: तारीख, वेळ, सभा कसली, खुर्च्या किती भरल्या. ज्या दिवशी काहीच नसे त्या दिवशीही लिहीत, "हॉल रिकामा."

"रिकाम्या दिवसाची नोंद कशाला?" मी एकदा विचारलं.

"रिकामा होता म्हणून," अप्पा म्हणाले.

मी तिथे लागलो तेव्हा त्यांच्या अशा बारा-पंधरा वह्या भरल्या होत्या. त्या माझ्याकडे वरच्या मजल्यावर, कुणी मागत नसे अशा कीर्तनांच्या पुस्तकांशेजारी असत. त्या कधी उघडाव्या लागतील असं मला वाटलं नव्हतं.

हजार-एक शोकसभा पाहिलेल्या माणसाची मृत्यूबद्दल काही खास मतं असतील म्हणून मी सुरुवातीला त्यांना खूप प्रश्न विचारले. त्यांना मृत्यूबद्दल मत नव्हतं. मत होतं ते भाषणांबद्दल. "गेलेला माणूस सहा वाजेपर्यंत माझ्या ओळखीचा असतो," ते म्हणत. "साडेसहाला ओळखू येत नाही." उधारी बुडवणारे गृहस्थ व्यासपीठावर दानशूर होत. ज्यांच्या तोंडी कुणी लागत नसे ते मृदुभाषी होत. समोर नातेवाईक मान डोलावत बसत आणि त्यांनाही हळूहळू खरं वाटू लागे.

त्यात हार घालून झाला की श्रद्धांजलीगीत. ते म्हणायला लालबागहून एक भजनीबुवा येत. मालवणकडचे, गळा गोड, पेटी स्वतःची. त्यांच्याकडे गीतं तीन होती. एक पुरुषांचं, एक बायकांचं आणि एक अकाली गेलेल्यांचं. नाव बदलायचं, गावाचं नाव बदलायचं, बाकी चाल आणि शब्द तेच. गिरगावातल्या निम्म्या चाळींना ती पाठ होती. अप्पांनाही. बायकांचं गीत चालू झालं की ते समईत तेल घालायला जात, कारण तिसऱ्या कडव्याच्या आत ते काम होतं हे त्यांनी मोजलेलं होतं.

मग अप्पांची बायको गेली.

तिची काही शोकसभा झाली नाही. व्यवस्थापकाच्या बायकोला कोण हॉल देतो, आणि अप्पांनीही मागितला नाही. तेराव्याला चाळीच्या गॅलरीत सतरंजी घातली, बुवा आपणहून आले आणि त्यांनी मायेपोटी बायकांचं गीत म्हटलं.

*पाच लेकरं मागे ठेवून माय निघाली गावा…*

अप्पांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्या बायकोने त्यासाठी काय काय केलं होतं ते त्या चाळीला ठाऊक होतं. मी दाराशी उभा होतो. बायकांनी माना खाली घातल्या. एकीने पदर तोंडाशी धरला. तो रडण्यासाठी नव्हता. अप्पा समोर बसून सबंध गीत ऐकत राहिले, सगळी पाच लेकरं. शेवटी रिवाजाप्रमाणे त्यांनी बुवांच्या हातात नारळ दिला आणि नमस्कार केला.

त्यानंतर महिन्याभराने खुर्च्या दुमडता दुमडता ते मला म्हणाले, "मी माझं गाणं आधीच करून घेणार आहे."

"कसलं गाणं?"

"माझ्यामागे म्हणायचं. मी ते स्वतः ऐकणार. चुकीचं असेल ते दुरुस्त करून घेणार."

"एवढी काय घाई आहे अप्पा?"

"तेराव्याला मला बोलता येणार नाही," अप्पा म्हणाले आणि पुढची खुर्ची उचलली.

माणसं जिवंतपणी पुतळे बसवून घेतात हे मी वाचलं होतं. जिवंतपणी स्वतःचं मृत्युगीत तपासायला घेणारा माणूस मी पाहिला नव्हता. मला प्रथम ती हौस वाटली. पण हौशी माणसाला स्तुती हवी असते. अप्पांची अट एकच होती. गाण्यात जे येईल ते घडलेलं असलं पाहिजे.

कवी निवडायला त्यांनी गिरगावातूनच सुरुवात केली. आमच्या वाचनालयाचे एक सभासद कॉलेजात शिकवत आणि वृत्तात लिहीत. त्यांनी आठ दिवसांत सोळा ओळी आणल्या. पहिलीच ओळ, हे दीपस्तंभा, अशी होती. अप्पांनी कागद हातात घेतला, चष्मा लावला आणि म्हणाले, "सर, मी खुर्च्या मांडतो. दीपस्तंभ कुलाब्याला आहे."

प्राध्यापक रागावले नाहीत. त्यांना आपण थोडे कमी पडलो असं वाटलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी दीपस्तंभाच्या जागी वटवृक्ष घालून आणला.

मग बुवा. मी अप्पांना म्हटलं, "त्यांना पुन्हा बोलावताय?" तर म्हणाले, "माणसाला एक संधी द्यावी. त्या दिवशी त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं."

बुवा पेटी घेऊन आले. चहा घेतला. "तुमी नाव सांगा आनि गाव सांगा," म्हणाले, "बाकी माझ्यार सोडा. गाणा तयार आसा."

"तयार नकोय बुवा. माझं हवंय."

"तुमचाच आसतला मां. नाव तुमचा घालूचा."

"आणि लेकरं?"

बुवा थांबले. त्यांना ते तेव्हा कळलं. त्यांनी पेटीचा भाता मिटला. मग म्हणाले, "अप्पा, चाळीस वर्सां म्हणतंय. माझ्या लक्षातच नाय इला." ते गेले तेव्हा त्यांनी चहाचा कप स्वतः विसळून ठेवला. पुढे ते बायकांचं गीत म्हणण्याआधी मुलं किती हे विचारू लागले. मराठी काव्यात अप्पांनी घडवून आणलेली ही एक सुधारणा.

हे सगळं संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत चाललं होतं. शनिवारी हॉलमध्ये शोकसभा आणि रविवारी समितीची सभा, असे ते दिवस. त्याच खुर्च्या, तीच समई, बऱ्याचदा वक्तेही तेच. मुंबई कुणाची यावर अप्पांनी कधी तोंड उघडलं नाही. त्यांची तक्रार एवढीच की घोषणा देताना लोक खुर्चीवर उभे राहतात. "मुंबई मिळेल," म्हणत, "पण खुर्च्या मिळायच्या नाहीत." वर्षभरात अकरा खुर्च्यांचे पाय गेले होते. अप्पांनी प्रत्येक पाय जपून ठेवला होता.

अशाच एका रविवारी वरळीच्या बीडीडी चाळीतलं एक कलापथक आलं. चार पोरं, एक डफ, एक तुणतुणं, आणि मधोमध एक सडपातळ शाहीर, गिरणीत कामाला असलेला, तिशीच्या आतबाहेरचा. लाठीमाराच्या दिवसावरचा त्याचा पोवाडा होता. पोवाड्यांत मी तोवर इतके सह्याद्री आणि इतक्या तलवारी ऐकल्या होत्या की मी वर जायला निघालो होतो. तेवढ्यात त्याने रस्त्यात पडलेल्या एका चपलेचं कडवं घेतलं. डाव्या पायाची, अंगठा तुटलेली, खिळा मारून दुरुस्त केलेली.

अप्पा पाण्याचा तांब्या घेऊन चालले होते ते मध्येच थांबले. तांब्या हातात घेऊन त्यांनी उरलेला पोवाडा ऐकला. सभा संपल्यावर शाहिरापाशी जाऊन विचारलं, "डाव्या पायाचीच कशावरून?"

"मी उचलली ना," शाहीर म्हणाला. "घरी हाय अजून. बघायची असंल तर या."

अप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, "हा."

गाण्याची मागणी ऐकल्यावर तो शाहीर अप्पांकडे नीट बघत राहिला. हसेल असं मला वाटलं होतं. हसला नाही.

"तुमच्यावर? आणि माझ्याकडून?"

"हो."

"मी खरं लिहितो, अप्पा."

"मला तेच हवंय."

"सगळं?"

"सगळं," अप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात मी प्रथमच उत्साह ऐकला.

शाहीर पाळी सुटली की येऊ लागला. बाकीच्या कवींनी अप्पांना जन्मतारीख विचारली होती. हा काहीच विचारत नसे. दाराशी बसून अप्पा खुर्च्या कशा मांडतात ते बघे. एकदा अप्पांच्या खोलीवर जेवायलाही गेला. मला त्याचं कुतूहल वाटे. मी एकदा म्हटलं, "शाहीर, वर या. पुस्तकं बघा." तो जिना चढून आला, कपाटांवरून नजर फिरवली आणि म्हणाला, "बाप माझा दर रविवारी यायचा इथं. वरळीहून चालत. तुमच्या पायरीवर फळीला वर्तमानपत्र लावता ना, ते वाचायला. उभ्यानं वाचायचा."

"आत का नाही आले कधी?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझा प्रश्न ऐकू आला.

गाणं ऐकवायला तो आला त्या संध्याकाळी हॉलला सभा नव्हती. अप्पांनी तीन खुर्च्या मांडल्या. शाहीर बसला नाही. उभा राहून, डफावर नुसती बोटं वाजवत त्याने सुरू केलं.

*पाहुण्यांना खुर्च्या मांडून आपण राही उभा,*
*पाहुणे गेले बोलून, याच्या ध्यानी सभा.*

अप्पांनी मान हलवली. पुढे घड्याळ आलं, पंखे आले, ओढणारा गडीही आला. मग शाहीर त्यांच्याकडे जेवायला गेला होता ते आलं.

*पोर नव्हतं, बाळ नव्हतं, दोघांचे दोन पाट,*
*अजून मांडतो तो दोन्ही, एकावरच ताट.*

हे मला माहीत नव्हतं. अप्पा खाली बघत म्हणाले, "बरोबर आहे." गॅलरीतली ती पाच लेकरं त्या क्षणी कुठेतरी परत गेली असावीत. मला वाटलं, मिळालं यांना हवं ते.

शाहिराने डफ थांबवला. "आता पुढचं," म्हणाला आणि पुढचं कडवं डफाशिवाय म्हटलं.

*माझा बाप गेला तेव्हा आलो याच्या दारी,*
*"हॉल भरला आहे," म्हणे, "जा तुम्ही माघारी."*
*वाकून मी पाहिलं आत, रिकामा तो सारा,*
*खुर्च्या होत्या मांडलेल्या, पंख्याचा वारा.*

अप्पांनी घड्याळ काढलं आणि त्याला किल्ली देऊ लागले. किल्ली ते सकाळी देत असत.

"कोण कोण आलं होतं?" त्यांनी विचारलं.

"मी, चुलते आणि बापाच्या खात्यातला मुकादम, जॉबर. नऊ वर्षं झाली. बापाची सभा इथं घ्यावी असं चाळीचं म्हणणं होतं, कारण त्याला ही जागा आवडायची. मग आम्ही चाळीच्या पटांगणात घेतली, पावसात." तो आवाज न चढवता बोलत होता. "तुम्ही म्हणालात सगळं लिही. हे कडवं राहील का सांगा. नसंल तर दुसरा कवी बघा. माझी काय हरकत नाय. पण हे काढून बाकीचं मी म्हणणार नाय."

अप्पांनी घड्याळ खिशात ठेवलं. शाहीर डफ पिशवीत घालून गेला.

मी विचारलं, "अप्पा, खरं आहे हे?"

"वह्या तुझ्याकडे आहेत," ते म्हणाले.

वर जाऊन मी नऊ वर्षांपूर्वीची वही काढली. पावसाळ्याचे चार महिने पानापानाने पाहिले. श्रावणातल्या एका पानावर अप्पांच्या अक्षरात लिहिलेलं सापडलं: "वरळीची तीन माणसं शोकसभेसाठी आली होती. नकार सांगितला. हॉल रिकामा."

मी ते पान पुन्हा वाचलं. दारात खोटं बोललेला माणूस त्याच संध्याकाळी वहीत खरं लिहून ठेवतो आणि नऊ वर्षं ती वही कुणी उघडत नाही. मी ग्रंथपाल असूनही नाही.

नकार अप्पांचा नव्हता. काही वस्त्यांतल्या लोकांना हॉल द्यायचा नाही, भरला आहे म्हणून सांगायचं, असं मंडळाने ठरवलं होतं. ठरवलं होतं म्हणजे लिहिलं नव्हतं. त्याच हॉलमध्ये दर वर्षी अस्पृश्यता निवारणावर एक व्याख्यान होई आणि त्याला खुर्च्या कमी पडत. आमचे अध्यक्ष त्याचं प्रास्ताविक करीत. ते गिरगावातल्या जुन्या घराण्यातले, स्वच्छ धोतराचे, आवाज न चढवणारे गृहस्थ होते. आपण कुणाला नाही म्हटलं आहे हे त्यांना आठवत नसे, कारण नाही म्हणायला खाली अप्पा होते.

पुढचे आठ दिवस अप्पा कामापुरतं बोलले. नवव्या दिवशी सत्याग्रहात शाहिराला पकडल्याची बातमी आली. त्या सकाळी अप्पा प्रथमच जिना चढून वर्तमानपत्र वाचायला आले. वाचून झाल्यावर म्हणाले, "सरकारने माझा कवी उचलला." अकरा खुर्च्यांच्या पायांबद्दल समितीवर रागावलेला हा माणूस त्या दिवशी संयुक्त महाराष्ट्रवादी झाला.

रजा घेऊन ते ठाण्याला तुरुंगात भेटीला गेले. पुढची हकिकत मला शाहिराने सांगितली. दारावरच्या कारकुनाने विचारलं, नातं काय. अप्पा म्हणाले, "तो माझं मृत्युगीत लिहितोय." कारकुनाने थोडा विचार करून "मित्र" असं लिहिलं.

"मला वाटलं, म्हातारा माफी मागायला आला," शाहीर सांगत होता. "मी आपला मनात तयारी करत होतो, काय बोलायचं. तर बसला, चण्याची पुडी दिली आणि म्हणतो कसा, तुझं कडवं चुकलंय."

"चुकलंय?"

"हां. म्हणाला, त्या दिवशी खुर्च्या मांडलेल्या नव्हत्या. दुमडून भिंतीशी लावलेल्या होत्या, मीच लावल्या होत्या. आणि पंखा चालू नव्हता. रिकाम्या हॉलात पंखा लावून ठेवीन का मी? पंख्यावरून लय रागावला. म्हटलं, मग कडवं राहील? तर म्हणाला, दुरुस्त करून राहू दे."

"माफी?"

"नाय. पंख्याचंच सांगत होता." शाहीर पुढे म्हणाला, "उठताना म्हणाला, बायकोच्या वेळी खोटं म्हणत होते तेव्हा मी बोललो नाही. तुझ्या बापाच्या वेळी तर खोटं मीच बोललो. आता खरं म्हणतोयस तर मी काय बोलू. आणि मग विचारलं, बापाच्या सभेला माणसं किती होती. मी म्हटलं मोजली नाय. तर म्हणाला, मोजायला पाहिजे होती."

शाहीर सुटून आला तेव्हा त्या कडव्याची शेवटची ओळ बदललेली होती.

*खुर्च्या भिंतीशी दुमडलेल्या, बंद होता वारा.*

अप्पांनी घड्याळ लावून सबंध गाणं ऐकलं. साडेतीन मिनिटं भरली. कागद माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "वहीत ठेव. त्या पानाशी."

त्यानंतर काही महिन्यांनी परळहून काही मंडळी हॉल मागायला आली. तोवर त्या बाजूच्या चाळी बौद्ध झाल्या होत्या आणि त्यांना त्यानिमित्त सभा घ्यायची होती. अप्पांनी वही उघडली, तारीख बघितली आणि म्हणाले, "रिकामा आहे." अध्यक्षांनी त्यांना दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं. मी शेजारच्या खोलीत होतो.

"अप्पा, आपली पद्धत तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे."

"मग?"

"तेवढं लिहून द्या, साहेब. लिहून दिलंत की मी नाही म्हणेन."

अध्यक्षांनी पेन काढलं नाही. मंडळानेही नाही. हॉल अशा रीतीने सर्वांना खुला झाला, कुणी कुठला ठराव न करता. पुढे अध्यक्ष आपल्या भाषणांतून त्याचा अभिमानाने उल्लेख करू लागले.

राज्य झालं त्या उन्हाळ्यात अप्पा गेले. दिवाणखान्यात नाही, इस्पितळात नाही, खुर्ची उचलताना वगैरे तर नाहीच. दुपारी झोपले ते उठले नाहीत. हॉल त्या दिवसांत सत्कारांनी भरलेला होता. जो तो कुणाचा तरी सत्कार करीत होता. दोन सत्कारांच्या मधला एक मंगळवार मिळाला, तो आम्ही घेतला.

अप्पांच्या खोलीत त्यांच्या अक्षरातली सूचना सापडली होती. तसबीर लहान चौकटीत, हार एकच, भाषणं दोन, गाणं शाहिराचं, घड्याळ ग्रंथपालाकडे. अध्यक्षांनी गाण्याचा कागद आधी मागून घेतला. वाचून झाल्यावर चष्मा काढला आणि मला म्हणाले, "चांगलं आहे. फारच चांगलं. फक्त हे एक कडवं वेळेअभावी गाळू या का?"

मी काही बोलायच्या आत शाहीर म्हणाला, "वेळ अप्पांनी मोजून ठेवलाय, साहेब. साडेतीन मिनिटं. हे कडवं धरून."

"पण हे असं खरोखर घडलं होतं की कविकल्पना—"

मी वही आणून त्यांच्यापुढे उघडी ठेवली. माझी नोकरी तोवर कायम झालेली नव्हती, आणि अध्यक्षांना ते माझ्याइतकंच ठाऊक होतं. त्यांनी पान वाचलं. त्यांचा हात पानावर थोडा वेळ राहिला. मग वही मिटून ते व्यासपीठावर जाऊन बसले.

शाहीर आईला घेऊन आला होता. म्हातारीने दुसऱ्या रांगेतली खुर्ची निवडली, हाताने जरा हलवून पाहिली आणि बसली. लालबागचे बुवा पेटी न आणता आले होते. प्राध्यापकांनी भाषणात वटवृक्ष आणलाच. मग शाहीर उभा राहिला.

खुर्च्यांच्या ओळींवर लोक हसले. घड्याळावर हसले. पाटांवर हसू थांबलं. आणि त्याने डफ खाली ठेवला तेव्हा पुढच्या रांगेतल्या मंडळाच्या सभासदांना काय येतंय ते कळलं नव्हतं. कडवं संपल्यावर कळलं. बुवांनी मान खाली घातली. म्हातारी मात्र सरळ समोर, अप्पांच्या तसबिरीकडे बघत होती.

अध्यक्ष उठून म्हणाले, "आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू." मी कोपऱ्यात जाऊन पंखे बंद केले. वैशाखातला उकाडा एकदम अंगावर आला. घड्याळ हातात धरलं. ते मी पूर्वी कधी धरलं नव्हतं, जड होतं. चाळीस सेकंद झाले तेव्हा अध्यक्षांचा हात सवयीने मागे खुर्चीकडे गेला. "ऐंशी सेकंद राहिलेत," मी म्हणालो. त्यांनी हात पुढे घेतला. घाम त्यांच्या कानशिलावरून गळ्यात उतरत होता, तो त्यांनी पुसला नाही. दोन मिनिटं खरोखर किती असतात हे त्या दिवशी गिरगावाला कळलं असेल.

मंडळी गेल्यावर मी आणि शाहिराने खुर्च्या दुमडल्या. तो एकही खुर्ची ओढत नव्हता. मग त्या दिवसाची नोंद करायची राहिली होती. मी लिहिलं: "सायंकाळी सहा. शोकसभा. हॉल भरला होता."

शाहीर माझ्या खांद्यावरून वाचत होता. "मागं चार रिकाम्या होत्या," तो म्हणाला.

तेही मी लिहिलं.